मोज्यातला काप्पा

तोकुजी नोत्सु गेल्याची खबर सकाळी ओसाकाला पोचली आणि दुपारी त्यांचा मुलगा हिरोनोरी बायकोसकट मात्सुएच्या घरात हजर झाला. मुलगी चिसातो नागोयाहून दिवे लागायच्या आत आली. दोघांनी बाबांपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, आणि दोघांचीही नजर बाबांच्या चेहऱ्यावरून घसरत भिंतीलगतच्या कपाटाकडे गेली.

त्या कपाटात काप्पा होता.

पणजोबांनी कमरपट्ट्याला तंबाखूची पिशवी अडकवायला घेतलेला तो अक्रोडाएवढा हस्तिदंती नेत्सुके, म्हणजे दोरीच्या टोकाची कोरीव गोटी. काप्पा म्हणजे नदीतलं ते खट्याळ भूत. डोक्यावर पाण्याची बशी, पाठीवर कासवाची ढाल, पोरांना पाय धरून पाण्यात ओढायची खोड. कोरणाऱ्याने मात्र त्याचाच पाय एका शिंपल्यात अडकवला होता आणि तोंड असं वासलं होतं की बघणाऱ्याचा अंगठा ठणकावा. आपल्या चहाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तोकुजी त्याच्याशी बोलत बसत. "पोरांपेक्षा बरा, ऐकून तरी घेतो," असं म्हणत.

बाबांच्या आजारपणात हिरोनोरी एकदाच आला होता, आणि त्या खेपेला त्याने फोटो काढला तो काप्पाचा. ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला त्याने तो दाखवला. एरवी मान वर न करणारा तो गृहस्थ जागेवरून उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने चहा ओतला. हिरोनोरीला काय समजायचं ते समजलं.

आज आई स्वयंपाकघरात आणि चिसातो न्हाणीघरात आहे असं बघून त्याने काप्पा पिशवीच्या दोरीतून सोडवला. थोरला मी, विधी मी करणार, म्हणजे वस्तू माझीच. आपलीच वस्तू जरा आधी घेतली तर तिला चोरी म्हणत नाहीत. पण बहिणीचा भरवसा नव्हता. ती बॅग उचकणार हे त्याला ठाऊक होतं, कारण तिच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं. म्हणून त्याने बाबांच्या कपड्यांचा खण उघडला आणि तपकिरी लोकरी मोज्याच्या टोकात काप्पा ढकलून दिला. बाबांचे मोजे कुणाला हवे असणार?

चिसातोला मोकळी दोरी दिसली. आधी तिने दादाची बॅग तपासली, मग वहिनीची पावडर-लालीची पिशवी, मग तांदळाचा डबा. सगळं झाल्यावर दादासमोर येऊन बसली.

"दादा, काप्पा कुठंय?"

"बाबा तिथे निजलेत आणि तुला काप्पा सुचतोय?"

"बाबा कुठेत ते दिसतंय मला. काप्पा दिसत नाही."

"तू शेवटची कपाटापाशी होतीस," मासुमी वहिनी म्हणाली.

"मी शेवटची होते, वहिनी. पहिलं कोण होतं ते विचारतेय."

आई इसोए ताटं मांडत होती. तिने भाताची वाटी दोघांच्या मधोमध ठेवली. "जेवून घ्या," ती म्हणाली, "मग भांडा. उपाशीपोटी आवाज चिरका लागतो, शेजारी ऐकतात."

दुसऱ्या दिवशी बाबांना पेटीत ठेवलं. आवडत्या वस्तू ठेवा, फक्त धातू, काच नको, असं अंत्यविधीवाल्या बाईंनी सांगितलं. ठार बहिऱ्या किइची काकांनी भावासाठी सुमोच्या निकालाचं पान ठेवलं. चिसातोने फुलं ठेवली. हिरोनोरी त्या वेळी अंगणात फोनवर होता. आपण किती खचलो आहोत हे साहेबांना सांगण्यात त्याचा बराच वेळ गेला. आत आला तेव्हा झाकण लागलेलं होतं.

दहनगृहाच्या प्रतीक्षागृहात काकांची तिसरी बिअर चालू असताना आई सहज म्हणाली, "त्यांचे पाय नेहमी गार असायचे. बरं झालं पायांशी मोजे ठेवले ते."

हिरोनोरीच्या हातातला पेला थांबला. "कोणते मोजे?"

"तपकिरी. लोकरीचे."

"खणातले?"

"मोजे दुसरीकडे कुठे असतात, बाळा?"

तो उठला. घाईत चप्पल उलटसुलट घालून त्याने बाहेरच्या कर्मचाऱ्याला गाठलं. "अहो, जरा थांबवता येईल का ते?"

"काय थांबवायचं?"

"भट्टी."

कर्मचाऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वडिलांना पेसमेकर होता का? तसं असेल तर आधी सांगायचं असतं. तो फुटतो."

"नाही, पेसमेकर नाही."

"मग आत काय राहिलंय?"

मागे दारात चिसातो येऊन उभी होती. हिरोनोरीने आवाज खाली आणला. "मोजे."

"नायलॉनचे?"

"लोकरीचे."

"मग काळजी नको," तो माणूस मायेने म्हणाला. "लोकर छान जळते."

चिसातोने दादाला कोपऱ्यात घेतलं. "पळत का सुटलास? खरं सांग, काप्पा तुझ्याकडे आहे. बाबांची शपथ घे."

"बाबांची शपथ," हिरोनोरी म्हणाला, "माझ्याकडे नाही." आयुष्यात इतकी खरी शपथ त्याने कधी घेतली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चिसातो गोंधळली आणि तिला स्वतःचीच थोडी लाजही वाटली.

मग अस्थी वेचायला सगळ्यांना आत बोलावलं. रीतीप्रमाणे पायांपासून सुरुवात, एकेक हाड दोघांनी मिळून, जेवणाच्या काड्यांसारख्या लांब काठ्यांनी उचलायचं. पांढरे हातमोजे घातलेला माणूस एकेक हाड दाखवत होता. डाव्या पावलापाशी तो अडखळला.

"ही बहुधा टाच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खात्री नव्हती.

टाचेला डोक्यावर बशी होती. तडे गेले होते, रंग पांढराफटक झाला होता, पण वासलेलं तोंड तसंच होतं. हिरोनोरीच्या काठ्या आपोआप पुढे गेल्या. जोडीला चिसातो होती, तिच्याही काठ्या टेकल्या. दोघांनी उचललं आणि दोघांनीही आपापल्या बाजूला ओढलं. बारीक आवाज झाला. बशी भावाच्या काठ्यांत राहिली, ढाल बहिणीच्या, आणि मधला भाग भुकटी होऊन राखेत पडला.

"हा काप्पा आहे," चिसातो हळू म्हणाली. मग मोठ्याने, "बाबांच्या मोज्यात लपवलास तू. माझ्यापासून."

नातेवाईक काठ्या धरून उभे राहिले. मासुमी छताकडे बघू लागली.

"लपवला नाही गं," आई म्हणाली. "मोजे ठेवताना हाताला लागला माझ्या. म्हटलं, मुलाने बापाला वाटेत सोबत म्हणून दिला. एवढी मोलाची वस्तू, पण कुणाला न सांगता दिली. म्हणून मीही बोलले नाही."

"काय दिलं?" किइची काकांनी विचारलं.

"काप्पा!" कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं.

काकांनी काठ्या खाली ठेवल्या. त्यांनी पुतण्यासमोर कमरेत लवून नमस्कार केला. मग एकेक करून सगळेच लवले. चिसातोला एकटीला ताठ उभं राहता येईना, तीही लवली. हिरोनोरी रडत होता. "वडिलांवर काय माया," मागून कुणी कुजबुजलं. रडणं खरं होतं, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

परतताना गाडीत आई मागे हिरोनोरीशेजारी बसली होती, मांडीवर अस्थिकलश. मासुमी चालवत होती. चिसातो काकांसोबत दुसऱ्या गाडीतून येत होती.

"आई," हिरोनोरीने शेवटी विचारलं, "तुला खरंच वाटलं, मी दिला म्हणून?"

आईने कलशावरचं कापड सारखं केलं. "मला याच गावात राहायचंय. लोक विचारतात, मुलं काय म्हणतात. इतकी वर्षं मी सांगत आलेय की फोन येतो."

"येतो की."

"ह्या वर्षी आला नव्हता. आता सांगायला काहीतरी झालं."

"तो किती मोलाचा होता, माहितेय तुला?"

"यांनी मला रोज सांगितलं. मी ऐकून घ्यायचे," ती म्हणाली. "पण म्हणायचे काय, काप्पाच ऐकतो."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. काकांची गाडी पुढे गेली होती, आणि काकांचा आवाज गाडीच्याही पुढे गेला असावा. तोफूवाली सुगिहारा बाई ओले हात पुसत दुकानाबाहेर येऊन उभी होती. तिच्या शेजारी न्हावी होता, त्याने कात्रीसुद्धा ठेवली नव्हती. गाडी जवळ येताच दोघं हिरोनोरीच्या खिडकीकडे बघून खोल लवले.

हिरोनोरी नजर चुकवून पुढे बघत राहिला. आईने त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"वाक," ती म्हणाली.