कोकरे सरांचं प्रश्नचिन्ह

इंग्रजीचा पेपर तपासताना कोकरे सर आधी प्रश्नचिन्हं बघत, उत्तरं मागाहून. प्रश्नापुढं नुसतं टिंब दिसलं की मार्क कापत आणि भर वर्गात म्हणत, "हे इचारलंस का सांगितलंस?"

नव्वद सालानंतरची, शेळगावच्या शाळेतली ही गोष्ट. मी इतिहास शिकवायचो आणि माझी खुर्ची सरांच्या शेजारी होती. त्यामुळं प्रश्नचिन्हाचा इतिहासही माझ्याच वाट्याला आला. सर सांगत, लॅटिनमध्ये प्रश्नाला 'क्वेस्टिओ' म्हणत. लिहिणारे कंटाळले आणि त्यांनी पहिलं नि शेवटचं अक्षर तेवढं ठेवलं. मग क्यू बसला ओच्या डोक्यावर. लिहून लिहून क्यूचा गळासारखा वाकडा आकडा झाला, ओचं टिंब.

"याला पुरावा?" मी विचारलं.

"पुरावा न्हाय. पण गोष्ट झ्याक हाय."

शिपाई "चहा आणू" असं सपाट आवाजात म्हणाला तरी सर त्याला थांबवत. "इंग्रजीत 'यू आर गोइंग' हे सांगणं. म्होरं आकडा लावला की तेच इचारणं. शब्द त्येच, आवाज तेवढा वर चढवायचा." चहा राहून जायचा.

बारामतीच्या एका मोठ्या शाळेनं सरांना बोलावलं, तर सरांनी नकार दिला. कारण काय, तर "यष्टीची येळ जमत न्हाय." स्टाफरूममध्ये आम्ही पोटभर हसलो.

पुढं एका रविवारी मी निरवांगीला त्यांच्या घरी गेलो. वडील खाटेवर होते. मेंढरांमागं उभा जन्म गेलेला माणूस. लकव्यानंतर त्यांच्याकडं एकच शब्द उरला होता, 'हाय'. सर त्यांना दूधभाकरी भरवत होते.

"हाय," म्हातारा हळूच म्हणाला.

"पुरं म्हणत्यात," मला सांगून सर हात धुवायला परसात गेले.

"हाय?" आता आवाज वर चढला होता. मी उशी सारखी केली. म्हातारा दाराकडंच बघत होता. "हाय?"

सर ओल्या हातांनीच आले आणि खाटेवर टेकले. "हाय, आबा. हितंच हाय."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"शाळंच्या येळंला चुलती बसती," सर म्हणाले. "आबांनी इचारलं तरी तिला वाटतं, हो म्हणत्यात. म्हणून लांब जाता येत न्हाय."

मी निघायला उठलो. सर दारापर्यंत आले नाहीत. त्यांचा ओला हात म्हाताऱ्यानं धरून ठेवला होता.