पालमच्या गाडीत मालवणचं जेवण

गंगाखेडहून पालमला निघालेल्या एसटीत तुम्ही बसला असाल, आणि तिकिटाला पंच मारता मारता कंडक्टरनं विचारलं, "मालवणला गेलाव तर जेवायचं कुठं, काही ठरवलं का?" तर घाबरून जाऊ नका. तो माझा मामा आहे. लिंबाजीमामा.

तुम्ही बाजाराला शेळी घेऊन चालला असाल, लेकीचं बाळंतपण करायला चालला असाल, मालवण कुठल्या दिशेला येतं हेही तुम्हाला ठाऊक नसेल. मामाला त्याचं सोयरसुतक नाही. "गेलाव तर म्हनतो मी. स्टँडाच्या समोरच्या हाटेलात बिलकुल शिरू नका. तिथं बाकडं भिताडाला लावल्यालं हाय. तसंच फुडं जायाचं, बाजारातून उजवीकडं वळायचं." शेळीवाला मान डोलावतो. शेळीही डोलावते. मामा समाधानानं डबल बेल मारतो आणि पुढच्या सीटवर जाऊन तीच माहिती पहिल्यापासून सुरू करतो.

आता परभणी जिल्ह्यातल्या कंडक्टरला मालवण कसं कळलं, हे सांगायला हवं. गणपतीत मुंबईहून कोकणात जादा गाड्या सुटतात. त्या ड्यूटीवर लांबलांबच्या आगारांतली माणसं धाडतात. ती ड्यूटी लागणार अशी कुणकुण लागली, की आमच्या आगारात कंबरदुखीची साथ येते. एकटा मामा काय तो आपण होऊन नाव द्यायचा. घाटातला चिखल, तो सततचा पाऊस, गाडीच्या टपावर मुंबईकरांच्या सामानाचा ढीग, हे सगळं सोसून तो मालवणला मुक्कामी पोचायचा आणि गावातल्या खानावळी धुंडाळत फिरायचा. गंमत अशी, की गणपतीत अख्खं मालवण आपापल्या घरी मोदक खात असतं. निम्म्या खानावळींना कुलपं. म्हणजे मामानं त्या गावातल्या बऱ्याच हॉटेलांची परीक्षा बंद दाराच्या फटीतून केलेली होती. पण अधिकारवाणी अशी, की जणू तिथल्या प्रत्येक चुलीवर यानंच फोडणी घातली आहे.

आणि परीक्षा कशाची? चवीची तर नाहीच. मामाच्या तोंडून मी आजवर "कालवण झणझणीत होतं" असं एकदाही ऐकलेलं नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जेवन जिभेला कळतं भाच्या, हाटेल बुडाला कळतं." बसायला बाक आहे का खुर्ची? खुर्ची डुगडुगते का? टेबल मधोमध आहे का मोरीपाशी? पंखा सगळ्यांवर फिरतो का मालकाच्या डोक्यावरच? पाण्याचा ग्लास समोर आणून ठेवतात का वरून ओततात? इतक्या चौकशीनंतर भाजी कशाची होती हे विचारलं, की मामा चिडायचा. "भाजी काय, भाजी घरी बी असती की!"

गंगाखेडच्या आमच्या शाळेतले एक मास्तर मामाच्या भरवशावर खरोखरच मालवणला जाऊन आले. आल्या आल्या मामाला स्टँडवर गाठलं. "काय हो कंडक्टर, तुमच्या त्या खानावळीत आमटीला मीठ नव्हतं, भात करपलेला!"

"पंखा व्हता का?"

"होता की. पण..."

"ग्लास आणून ठिवला का टेबलावर?"

"ठेवला."

"मग आनखी काय पायजे मान्साला?" मामा म्हणाला आणि गाडीत चढला. मास्तरांनी नंतर माझ्याशी काही दिवस बोलणं टाकलं. मी त्याच शाळेत शिकवतो आणि मामाचा भाचा आहे, एवढाच माझा गुन्हा.

खरं सांगायचं तर मी थकून गेलो होतो. शिक्षणासाठी मामाच्या घरी राहिलो, त्याच्या घरची भाकरी खाल्ली, आणि प्रत्येक भाकरीबरोबर मालवणची खुर्ची गिळली. मामा बोलत असायचा, मी मान हलवत असायचो आणि गयामामी चुलीपुढं बसून आम्हा दोघांना वाढत असायची.

या खुर्चीच्या वेडाचं मूळ मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं? पालमच्या पलीकडं आमचं गाव. गावात एक हॉटेल. त्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या माणसासाठी बाक नव्हता. चहा मिळायचा, पण बाहेर, उकिडवं बसून, गटाराच्या कडेला. मामा एसटीत लागला, अंगावर खाकी चढली, आणि खाकीला कुणी उठवत नाही हे त्याला कळलं. त्यानंतर तो जिथं जाईल तिथं बसला. नांदेडला बसला, लातूरला बसला. पण खाकी एकट्याच्याच अंगावर होती.

"मला तर वरदीनं बसिवलं," तो कधीतरी हळूच म्हणायचा. "हिला कोन बसिवनार?"

मामीला एकदा तरी बसून, दुसऱ्याच्या हातचं, वाढलेलं खाऊ घालायचं, हे मामाच्या आयुष्याचं एवढंच एक काम राहिलं होतं. तुम्ही म्हणाल, मग गंगाखेडला काय हॉटेलं नव्हती? होती की. एकदा तो तिला घेऊनही गेला. मामी दारापर्यंत आली, आत नजर टाकली, आणि गावाकडचा कोणीतरी माणूस भजी खाताना दिसला. तशीच पदर सावरून माघारी फिरली. परभणीला नेलं, तर तिथंही झरी गावचे कोणी ओळखीचे निघाले. कुणी काही बोललं नव्हतं. दिवस बदलले होते, कदाचित कुणी काही बोललंही नसतं. पण मामीचा घास ओळखीचा चेहरा बघूनच अडकायचा.

म्हणून मामानं महाराष्ट्राच्या कडेचं गाव निवडलं. "आपल्याकडचं मानूस तितवर येतच न्हाई," तो सांगायचा. "अन् त्याच्या फुडं तर पानीच हाय."

बेत दर वर्षी ठरायचा आणि दर वर्षी मोडायचा. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पहिल्या सालात मामीच्या माहेरची वस्ती जाळली गेली; त्या वर्षी मालवणचं नावही कुणी काढलं नाही. नंतर कधी मोर्चा, कधी बंद, कधी गाड्याच आगारात उभ्या. वर्षामागून वर्षं नुसती निवेदनं आणि आश्वासनं चालली होती. घोषणा देणारे थकले, ऐकणारेही थकले. एका दिवाळीच्या आधी मामानं पुन्हा विषय काढला, तेव्हा मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "इद्यापीठाला अजून नाव लागंना, अन् तुमी मला हाटेलात न्यायलाव."

"त्ये त्यायच्या हातात हाय," मामा म्हणाला. "ह्ये माझ्या हातात हाय."

मामीनं भाकरी टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "भाचा आला तर येते. तुमचं काय खरं न्हाई, ऱ्हाताल तिथंच खुर्च्या मोजत." असा मी त्या सहलीत ओढला गेलो.

मामाचा कुटुंबाचा पास होता, त्यामुळं सगळा प्रवास लाल गाडीनं. सोलापूरपर्यंत मामा उत्साहात होता, कोल्हापूरपर्यंत मी जिवंत होतो. मामी मात्र सगळी वाट मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन खिडकीबाहेर बघत होती. दर स्टँडवर मामा खाली उतरून तिथल्या कंडक्टरशी गप्पा मारून यायचा आणि मला बातमी द्यायचा, "ह्यो बी म्हनला, मालवणला खायाला लय चांगलं."

मालवणला उतरलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. भूक अशी लागलेली, की मला मोरीत बसवून जेवू घातलं असतं तरी चाललं असतं. पण मामाची परीक्षा सुरू झाली. पहिल्या खानावळीतून तळलेल्या सुरमईचा असा वास येत होता, की माझे पाय आपोआप आत वळले. मामानं दंडाला धरून बाहेर काढलं. रिकामं टेबल मोरीपाशी होतं. दुसऱ्या ठिकाणी मधलं टेबल मिळालं. आम्ही टेकणार एवढ्यात गल्ल्यावरच्या माणसानं हसून विचारलं, "खंयसून इलात?"

"लांबून," मामा म्हणाला आणि आम्हाला घेऊन तडक बाहेर.

"आवं," मामी रस्त्यात वैतागून म्हणाली, "त्यानं गाव इचारलं. जात न्हाई इचारली."

"आदी गावच इचारतेत," मामा म्हणाला.

मग समुद्र आला. मी तो पहिल्यांदाच बघत होतो आणि माझ्या पोटात एवढी आग पडली होती, की मला काही वाटलं नाही. मामीनं मात्र बघितला. "गंगंला पूर आल्यावानी दिसायलाय," ती आमची गोदावरी आठवून म्हणाली आणि वाळूत बसून गाठोडं सोडायला लागली. "हितंच खाऊ आता. बसून तर खायचंय." मामानं तिच्या हातातून गाठोडं काढून घेतलं. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्याचा वैताग आला नाही, कीव आली. इतक्या वर्षांची ही वाट, आणि ती वाळूतल्या शिळ्या भाकरीवर संपायला आली होती.

"एक ऱ्हायलंय," तो म्हणाला. "एकच."

गल्लीच्या आत, एका घराच्या पडवीत ती खानावळ होती. एक पोक्त बाई स्वतःच रांधायची, स्वतःच वाढायची. मधोमध रिकामं लाकडी टेबल, न डुगडुगणाऱ्या खुर्च्या, शेजारच्या टेबलावर जेवणारी चार माणसं. बाईनं आमच्याकडं बघितलं, "बसा" म्हणाली, तीन ग्लास आणून ठेवले आणि आत गेली. गाव नाही, नाव नाही. मामानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

मामी खुर्चीच्या कडेवर बसली, तीही एवढीशी, की कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. बाईनं ताटं आणली. बांगड्याचं कालवण, भात, आणि वाटीत सोलकढी. "गुलाबी ताक?" मामीनं मला हळूच विचारलं. मग पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मामा आपलं ताट विसरून तिच्याकडं बघत होता.

"कसं हाय?"

"काटे लय हायत," मामी म्हणाली. "गंगंचा मासा बरा." पण तोपर्यंत ती खुर्चीत थोडी मागं सरकली होती. बाई भाताचं पातेलं घेऊन आली, "वाईच घालू गो?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता वाढूनही गेली. मामी त्या भाताकडं बघत राहिली. तिला असं आग्रहानं कुणी वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती सगळा भात जेवली. जेवण तसं बेताचंच होतं हो. मीठ कमी होतं, भातही थोडा करपलेला. पण मी ते त्या वेळी बोललो नाही.

जेवण झालं. मामाचा चेहरा उजळला होता. मामी उठली. तिनं आपलं ताट उचललं, त्यावर वाटी ठेवली, ग्लास ठेवला, आणि मागच्या दारच्या दगडाकडं सरळ चालत गेली. आम्हाला वाटलं, हात धुवायला चालली. बघतो तर ती उकिडवी बसून राखेनं आपला ग्लास घासत होती.

गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची. बाहेरच्या कोनाड्यात पालथी घातलेली. चहा प्यायचा, आपली कपबशी आपण विसळायची, पुन्हा कोनाड्यात पालथी घालायची. मामीचे हात तेच करत होते. ती काय करते आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

बाई आतून धावत आली. "रवांदे गो, रवांदे! तां आमचां काम!" तिनं ग्लास काढून घेतला. मामी ओल्या हातांनी उभी राहिली, आमच्याकडं बघितलं आणि मग तिला कळलं. तिचा चेहरा असा पडला, की मी मान खाली घातली. आता मामा ओरडणार, असं मला वाटलं. गाडीत अख्ख्या पालम तालुक्याला ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस.

मामा उठला. मामीपाशी गेला आणि चारचौघांत तिचा ओला हात आपल्या हातात धरला. आमच्याकडं नवरा बायकोचा हात असा धरत नाही. तिला पुन्हा खुर्चीत आणून बसवलं. "बाई," तो आत बघून म्हणाला, "एक ग्लास सोलकढी आना. हिच्यासाठी."

"आवं, पोटात जागा न्हाई."

"पी सावकास. आपल्याला कुठं जायचंय?"

मामी एकेक घोट पीत राहिली. ग्लास रिकामा झाला. तिचे हात त्याच्याभोवती तसेच.

"ठिव आता," मामा म्हणाला. "ठिव तिथंच. अन् ऊठ."

तिनं ठेवला. उठली. दारापर्यंत आली आणि थांबून मागं बघू लागली. बाई आली, टेबलावरचे आमचे ग्लास उचलले, शेजारच्या टेबलावरचे उचलले, आणि सगळे एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात बुडवले.

"आता त्यातला माझा कोंचा, वळखूच येईना," मामी म्हणाली.

"कुनालाच येत न्हाई," मामा म्हणाला. तो रडत होता, आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मामीनं आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि आम्ही स्टँडच्या वाटेला लागलो.