फिटलेल्या कर्जाची फ्रेम

फरकाचे पैसे आले तेव्हा नवराबायकोत भांडण झालं नाही, चर्चा झाली. भांडण असतं तर जेवणापर्यंत मिटलं असतं. चर्चा तीन आठवडे चालली.

रक्कम मोठी होती. पाणीपुरवठा खात्यात चार वर्षं अडकून पडलेला पगारवाढीचा फरक एकदम जमा झाला होता, आणि गंमत म्हणजे घराचं जेवढं कर्ज उरलं होतं त्याच्यापेक्षा तो जेमतेम मूठभरच जास्त भरत होता. (नशीब असं मोजूनमापून द्यायला लागलं की माणसाने सावध व्हावं. इथे माणूस खूश झाला.)

या माणसाला ऑफिसात सगळे निकालीराव म्हणत. पाण्याच्या गळतीच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर येत आणि ते त्या निकाली काढत. बावीस वर्षांत त्यांनी हजारो गळत्या बंद केल्या होत्या, सगळ्या कागदावर. प्रत्यक्ष गळणारा पाइप त्यांनी एकदाही पाहिला नव्हता, पण फाइल उघडी राहिली की त्यांना जेवण जात नसे. घराचं कर्ज ही त्यांच्या मते अशीच एक उघडी फाइल होती, आणि तिला अजून सहा वर्षं बाकी होती.

बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळी. तिथला नियम उलटा. शेवटची बाटली विकण्याआधी नवी मागवायची. फळी रिकामी दिसता कामा नये.

"सहा वर्षं उघडी फाइल!" निकालीराव म्हणत. "ऑफिसात मेमो मिळेल मला अशाने."

"आणि फळी रिकामी झाली तर? गिऱ्हाईक समोर खोकत उभं आहे आणि मी काय सांगू, बाटली नाही पण दुकान मात्र स्वतःच्या मालकीचं आहे?"

"अगं, व्याज किती वाचेल ते बघ तरी."

"वाचेल, कबूल. पण उद्या अडलं तर बँक भिंतीतली एक वीट परत घेऊन पैसे देणार आहे का?"

यावर ते पुन्हा व्याजाचा हिशेब मांडत. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. दुकानाचा मालक म्हातारा झाला होता आणि अधूनमधून दुकान विकायच्या गोष्टी काढी. ते विकलं गेलं तर तिचा पगार त्याच दिवशी थांबणार होता. ती घाबरली होती. हिशेबाच्या वहीत ही भीती कुठे लिहायची हे निकालीरावांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ती लिहिलीच नाही.

शेवटी तोडगा निघाला. निम्मे कर्जात भरायचे, निम्मे बाजूला ठेवायचे. तिने त्यांच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं, आणि सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बँकेत गेले.

"निम्मी भरताय? छान," कर्जविभागाच्या मॅडम म्हणाल्या. "मग हप्ता कमी करायचा की वर्षं कमी करायची?"

"आणि समजा..." निकालीरावांनी उगाच इकडेतिकडे पाहिलं. "समजा सगळी भरली तर?"

"मग काय, खातं बंद."

त्या 'बंद'ने घात केला. बावीस वर्षांची सवय हातात उतरली, पेन आपोआप चाललं आणि डोकं मागून धावत येईपर्यंत सही झालेली होती. मॅडमनी अभिनंदन केलं. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र बँकेच्या शिक्क्यानिशी तिथल्या तिथे हातात दिलं. घराचे मूळ कागद दोन आठवड्यांत घरपोच येतील म्हणून सांगितलं.

बाहेर फुटपाथवर निकालीरावांना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक, आपण आता खरोखरचे घरमालक झालो. दोन, घरी सांगायचं कसं.

त्यांनी विचार केला, की नुसतं पत्र हातात दिलं तर ती चिडेल. पण तेच पत्र सोनेरी कडांच्या फ्रेममध्ये, दारातून आत शिरल्या शिरल्या समोर दिसलं तर? माणूस जरा भारावतो. (फ्रेममुळे बायकोचा राग कमी झाल्याची एकही नोंद उपलब्ध नाही, पण ते नोंद बघायला गेलेच नाहीत.) उरलेल्या मूठभर पैशांतली बरीचशी मूठ फ्रेमवाल्याकडे रिकामी झाली. जाड काच घेतली. फ्रेम शनिवारी मिळणार होती.

मधल्या दिवसांत ते घरात पाहुण्यासारखे वागले. ताट स्वतः उचलत, चहा स्वतः करत. गुरुवारी जेवताना बायको म्हणाली, "मालकाने आज परत दुकान विकायचं काढलं. पण खरं सांगू, या वेळी भीती वाटली नाही. निम्मे आहेत ना आपल्याकडे."

"आहेत ना," निकालीराव म्हणाले आणि पाणी प्यायले.

रविवारी तिची सकाळची पाळी होती, एकपर्यंत. नवरा कामाला लागला. फ्रेम चांगलीच जड होती, साध्या खिळ्यावर राहीना. मग ते खालच्या मजल्यावर ड्रिल मशीन मागायला गेले. खाली एक रंगारी राहत. अकरा वर्षं लोकांची घरं रंगवून झाल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात प्रथमच स्वतःचं घर रंगवायला घेतलं होतं, आणि छताचा शेवटचा हात शनिवारी संपला होता. ते खुर्ची टाकून त्या छताकडे बघत बसले होते.

"मशीन न्या की साहेब," ते म्हणाले. "पण भिंतीच्या मागे काय आहे बघून घ्या."

"मागे बाथरूम आहे."

"तेच म्हणतोय मी."

"काका, बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहे मी," निकालीराव हसून म्हणाले. "पाण्याचं मला सांगता?"

रंगारीकाकांनी मशीन काढून दिलं. शिकल्यासवरल्या माणसाशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

पहिलं भोक उत्तम पडलं. दुसरं पडताना मशीनचा आवाज बदलला, भिंतीने एक उसासा टाकला आणि पाण्याची बोटभर जाड धार थेट निकालीरावांच्या चष्म्यावर आली. त्यांच्या मनात पहिली ओळ आली ती खात्याच्या छापील अर्जातली : 'गळती केव्हापासून आहे?' उत्तर, आत्तापासून. पुढचा प्रश्न आठवेपर्यंत गुडघे भिजले. मग त्यांनी भोकावर अंगठा दाबला आणि त्यांच्या लक्षात आलं, की फोन टेबलावर आहे, टेबल सहा फुटांवर आहे आणि अंगठा काही तेवढा लांब नाही.

"काका!" ते ओरडले. "ओ काका!"

काका आधीच जिन्यात होते. त्यांना हाकेची गरज पडली नव्हती, छताने कळवलं होतं.

"माझ्याच मशीनने?" दारात उभं राहून ते एवढंच म्हणाले आणि गच्चीकडे पळाले. गच्चीवर बारा घरांचे बारा कॉक होते आणि एकावरही नाव नव्हतं. काकांनी एकेक करून अकरा घरांचं पाणी तोडलं. बारावा निकालीरावांचा निघाला. तोवर पाऊण तास झाला होता आणि एक वाजला होता.

बायको दारात आली ती घोटाभर पाण्यात. समोर नवरा भिंतीत अंगठा घालून उभा. (पाणी बंद झालं होतं, पण काढायला धीर होत नव्हता.) एका बाजूला काकांनी बोलावलेला प्लंबर फरशी ठोकून बघत होता, दुसऱ्या बाजूला रंगारीकाका हात बांधून उभे होते.

"पाइप आतून सडलाय वहिनी," प्लंबर म्हणाला. "साहेबांनी नुसतं निमित्त केलं. बाथरूमची अख्खी लाइन बदलावी लागेल. म्हणजे फरशा फोडाव्या लागतील. म्हणजे गवंडी आला." त्याने कानावरची पेन्सिल काढून ओल्या भिंतीवरच एक आकडा लिहिला. काकांनी पेन्सिल मागून घेतली, खाली आपल्या छताचा आकडा लिहिला, रेघ मारली आणि बेरीज करून टाकली.

बायकोने बेरीज पाहिली, चपला पाण्यातून उचलून कट्ट्यावर ठेवल्या आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. एवढं घाबरायचं काय त्यात? याच्यासाठीच तर निम्मे ठेवलेत. अहो, उद्या सकाळी काढा त्यातले."

निकालीरावांनी अंगठा आणखी आत दाबला.

"किती आहेत निम्म्यात?" प्लंबरने भाबडेपणाने विचारलं. त्याला आगाऊ रकमेशी मतलब होता.

निकालीरावांनी अंगठा काढला. खुर्चीवर उताणी पडलेली फ्रेम उचलली, काच बाहीने पुसली आणि तिच्या हातात दिली. तिने ती डॉक्टरची चिठ्ठी वाचतात तशी वरपासून खालपर्यंत वाचली, तारखेसकट.

"सोमवार," ती म्हणाली.

"हो."

"आज रविवार."

"फ्रेमला वेळ लागला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गुरुवारी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" आणि आत निघून गेली. पैसे गेले याचं तिला दुःख होतंच, पण त्या गुरुवारी नसलेल्या पैशांच्या जोरावर आपण निर्धास्त जेवलो आणि समोर बसलेल्या माणसाने ते बघितलं, हे तिला फार लागलं. निकालीरावांना खरोखर लाज वाटली. बंद दाराबाहेर उभं राहून त्यांनी तसं सांगितलंही, दोन वेळा. आतून उत्तर आलं, "आधी पाणी काढा." त्यांनी संध्याकाळपर्यंत पाणी काढलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बँकेत गेली. बोलायचं बायकोने आणि सोबत उभं राहायचं नवऱ्याने, असं ठरलं होतं. मॅडमनी ओळखलं.

"दुरुस्तीसाठी कर्ज? देऊ की. व्याज मागच्यापेक्षा दोन टक्के जास्त पडेल. घराचे मूळ कागद मात्र लागतील." त्यांनी टेबलाखालून एक जाड पाकीट काढलं. "हे काय, तुम्हाला पाठवायला शुक्रवारीच पत्ता घातला होता." त्यांनी पाकीट फोडलं, कागद काढले आणि परत कपाटात ठेवून दिले.

नवा हप्ता जुन्याच्या निम्म्यालाही कमी येत होता. वाचलेली रक्कम दर महिन्याला परस्पर आपल्या नावावर जमा व्हावी, असा दुसरा अर्ज बायकोने तिथेच भरून घेतला. निकालीरावांनी न वाचता सही केली. सही करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग मुख्य अर्ज आला. 'कर्जाचं कारण' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घरदुरुस्ती'.

"खोडा ते," बायको म्हणाली.

"अगं, बँकेला एवढं सगळं कशाला..."

"खाली माझीही सही आहे. अर्धवट सांगितलेल्या गोष्टीवर मी सही करणार नाही. काय झालं ते लिहा."

निकालीरावांनी खोडलं आणि लिहिलं : 'आधीचं कर्ज फिटल्याचं पत्र भिंतीवर लावण्यासाठी.'

मॅडमनी ते एकदा वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला. पण बाई मनाने चांगल्या होत्या, त्यांना धीर द्यावासा वाटला.

"काळजी करू नका सर. हे कर्जसुद्धा फिटेल सहा वर्षांत. तेव्हा याचंही पत्र देऊ तुम्हाला."

"पत्र नको," बायको म्हणाली. "फोन करून तोंडी सांगा. मला."

मॅडमनी मान डोलावली आणि अर्जाच्या समासात तसं लिहून घेतलं.