अवकाळी विजय

कौडगव्हाणचा व्हॉलीबॉल संघ सलग तीन हंगाम एकही सामना न जिंकता बसला होता, आणि ही बाब शासनाच्या निदर्शनास आणून द्यावी असं तोवर कोणालाच वाटलं नव्हतं.

संघ तसा वाईट नव्हता. त्यातली चांगली माणसं तेवढी निघून गेली होती. जाळीवरून दणका मारणाऱ्याला पूर्णेला रेल्वेत नोकरी लागली, चेंडू उचलून देणारा परभणीला कृषी विद्यापीठात चिकटला. उरलेली पोरं चेंडूखाली पळत जाण्यापेक्षा चेंडू आपल्याकडे येतोय का याची वाट बघत उभी राहायची. गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव प्रत्येक पराभवानंतर घसा साफ करून जाहीर करत, "हा पुनर्बांधणीचा हंगाम हाय." पहिल्या वर्षी लोकांनी माना डोलावल्या, दुसऱ्या वर्षी हसले, तिसऱ्या वर्षी यायचेच बंद झाले. मैदानावर एकटा नागनाथ उरला.

नागनाथचं फाट्यावर सायकलचं दुकान होतं. संघाचा चेंडू त्याच्याच पंपावर फुगायचा, त्यामुळे संघात थोडा आपलाही जीव आहे असं तो धरून चालायचा. सामन्याच्या दिवशी तो दुकान बंद ठेवी. त्याची बायको सत्यशीला म्हणायची, "हरायचंच हाय तर दुकान बंद कशाला? उगडं ठेवून बी हरता येतंय की."

"यंदा जमंल. पोरं लय मेहनत करायलीत."

"मागच्या वर्सी बी हेच म्हनला होताव."

"मागच्या वर्सी पुनर्बांधणी होती."

"आन् यंदा?"

"यंदा बी तीच हाय. पन पुढं सरकलीय."

माणूस वेडा होता, पण उगाच नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाणवठे आधीच वेगळे होते, मग हॉटेलातल्या कपबशाही वेगळ्या झाल्या. शाळेमागच्या मैदानावर तेवढा एक चेंडू असा होता, की ज्याला दोन्हीकडच्या पोरांचे हात लागत. कॅप्टन रंगनाथ नागनाथच्या बौद्धवाड्यातला, आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा लिंबाजी पाटलाच्या गल्लीतला. बाहेर एकमेकांना रामराम न घालणारी ही पोरं मैदानावर एकमेकांना शिव्या घालायची. ते ऐकून नागनाथला बरं वाटायचं. आणि आता जिल्हा संघटनेचं पत्र आलं होतं, की या हंगामातही एकही विजय नसेल तर कौडगव्हाणचं नाव स्पर्धेतून कायमचं कमी करण्यात येईल. नाव गेलं की संघ गेला आणि संघ गेला की तो चेंडूही गेला, हे नागनाथला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून तो तलाठी बन्सीधर यांच्याकडे गेला. वास्तविक तलाठ्याचा आणि व्हॉलीबॉलचा काही संबंध नाही. पण गावाला सरकार म्हणून दिसणारा तेवढा एकच माणूस होता.

"भाऊसाहेब, संघाला एक शिकवणारा, एक जाळी आन् दोन चेंडू पायजेत. काय सांगू, लय नापिकी हाय बगा."

इथं घात झाला. बन्सीधर मघापासून जांभया देत होते. 'नापिकी' हा शब्द ऐकताच ते ताठ बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

"किती वर्सं?"

"तीन."

"लागोपाठ?"

"एकदम लागोपाठ."

"कोरडवाहू का बागायती?"

"म्हंजी?"

"सराव रोजचा असतोय का आभाळ बघून?"

"पोरं शेतातनं मोकळी झाली तर."

"म्हंजी कोरडवाहू." बन्सीधरांनी लिहून घेतलं. "पैसेवारी काढावी लागंल, रुपयात किती पैसे पिकलं ते. पन्नास पैशांच्या आत आली तर संघ पराभवग्रस्त जाहीर होतोय. मग शिकवणारा, जाळी, चेंडू, सगळं रीतसर."

नागनाथला वाटलं, भाऊसाहेब गंमत करायलेत. पण भाऊसाहेबांनी सेवेत लागल्यापासून गंमत केलेली नव्हती.

पुढच्या सामन्याला महसूल खात्याचे मंडळ अधिकारी माणिकराव जातीनं हजर झाले. सोबत सुतळी, चार खुंट्या आणि एक लोखंडी सळई. पीक कापणीच्या नियमानुसार दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा आखून त्यात पडलेले गुण मोजायचे होते. अडचण अशी, की आपल्या बाजूचं मैदान नऊ मीटरचंच. "नियम दहाचा हाय," असं म्हणून माणिकरावांनी जाळीपलीकडचा एक मीटर कौडगव्हाणच्या नावे जोडला आणि तिथं पडलेले गुण गावाच्या उत्पन्नात धरले. पोरं सुतळीत पाय अडकून पडत होती. सामना हरला. हंगामी पैसेवारी सत्तेचाळीस आली, आणि कौडगव्हाणचा संघ शासनदरबारी पराभवग्रस्त झाला.

मदत मात्र अंतिम पैसेवारी जाहीर झाल्यावर मिळणार होती. म्हणजे हंगाम संपल्यावर. हंगाम संपेपर्यंत जिंकण्यासाठी लागणारी जाळी हंगाम संपल्यावर येणार, हे कसं, असं नागनाथनं बन्सीधरांना विचारून पाहिलं. "दुष्काळात बी तसंच असतंय," ते समजुतीनं म्हणाले. "पाऊस पडल्यावर टँकर येतोय."

इथवर प्रकरण एका संघापुरतं होतं. पण आदेशाच्या तळाशी एक ओळ होती: 'तसेच पराभवग्रस्त प्रेक्षकांना नेहमीच्या सवलती लागू राहतील.' नेहमीच्या म्हणजे शेतसाऱ्याला सूट, पोरांची परीक्षा फी माफ, आणि रोजगार हमीवर आधी नंबर. चार दिवसांत गावात पंधराशे प्रेक्षक निघाले. ज्यांनी चेंडू लांबूनही पाहिला नव्हता, ते पराभवाच्या आठवणीनं डोळे पुसू लागले. कडूबाईला मोतीबिंदूमुळे समोरचं माणूस ओळखू यायचं नाही, पण तिनंही तीन वर्षं सगळे सामने बघितल्याचं शपथेवर सांगितलं.

नागनाथ प्रेक्षक असल्याचा दाखला घ्यायला गेला.

"दोन साक्षीदार लागत्यात," बन्सीधर म्हणाले. "तुमाला सामना बगताना ज्यांनी बघितलं, असे."

"भाऊसाहेब, मी एकटाच असायचो की तिथं!"

"मग तुमी होताव हे कुनी बघितलं?"

"बाकीचे पंधराशे कसे बसलेत तुमच्या यादीत?"

"त्यांनी एकमेकाला बघितलंय. लिहून दिलंय तसं." बन्सीधरांना खरोखर वाईट वाटत होतं. "तुमी बी त्यांच्यासंगं घरीच बसला असताव, तर आज ही पाळी आली नसती."

अशा रीतीनं कौडगव्हाणात एकूण पंधराशे प्रेक्षक झाले आणि त्यात नागनाथ नव्हता.

यानंतर गाव खेळात लक्ष घालू लागलं. पूर्वी संघ हरला तर कोणी विचारत नसे. आता जिंकू नये म्हणून पारावर बैठका होऊ लागल्या. एका सामन्यात पोरांनी चुकून एक डाव जिंकला, सुधारित पैसेवारी एकोणपन्नासवर गेली, तसा गावात हाहाकार उडाला. व्यंकटरावांनी रंगनाथला आणि लिंबाजीला पारावर बोलावून सगळ्यांसमोर समज दिली, की खेळाडूंनी गावाच्या भावनांशी खेळू नये. एक विजय झाला की एक्कावन्न.

नागनाथ उठून उभा राहिला. "व्यंकटराव, एक बी सामना जिंकला न्हाई तर नावच कटतंय आपलं!"

"कटू दे की. मदत तर येईल."

"पन संघच न्हाई राहिला, तर जाळी कुनाला बांधायची?"

"नागनाथा, तू लय बारीक इचार करायलास," व्यंकटराव म्हणाले. "जाळीचं काय, कोंबड्या झाकायला बी येती."

सगळे हसले. नागनाथ घरी आला आणि जेवला नाही. "माझंच चुकलं गं," तो सत्यशीलाला म्हणाला. "गप हरत होते बिचारे, म्या नापिकी म्हनलो." तिनं पहिल्यांदाच त्याची थट्टा केली नाही.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर पांगरवाडीशी होता. एरवी जिथं एक माणूस बसायचा, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. व्यंकटरावांनी नारळ फोडून पराभवाला शुभेच्छा दिल्या. बौद्धवाडा आणि पाटलाची गल्ली बऱ्याच वर्षांनी एकाच कारणासाठी एकत्र आलेली पाहून नागनाथला भडभडून आलं. कारण तेवढं दुसरं असतं तर!

पहिली सर्व्हिस कौडगव्हाणची. रंगनाथनं गावाकडे बघितलं, मान खाली घातली आणि चेंडू जाळीत मारला. गावानं सुटकेचा श्वास सोडला. सर्व्हिस पांगरवाडीकडे गेली. पांगरवाडीच्या पोरानंही आपल्या गावकऱ्यांकडे बघितलं आणि चेंडू जाळीत मारला.

दोन्ही गावं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांच्याच ध्यानात आलं. पांगरवाडीनंही अर्ज केला होता, आणि त्यांची पैसेवारी होती साडेएकोणपन्नास.

ज्यांना तेव्हाचा व्हॉलीबॉल ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, की गुण मिळतो तो स्वतःच्या सर्व्हिसवरच. सर्व्हिस चुकली तर गुण कोणालाच नाही, नुसता चेंडू तिकडे जातो. तेव्हा एकदा इकडून जाळीत, एकदा तिकडून जाळीत. शून्य-शून्य. दुपार कलली तरी शून्य-शून्य. दोन्ही गावं जिवाच्या आकांतानं आपापल्या संघाला हरण्यासाठी ओरडत होती, आणि दोन्ही संघ प्रामाणिकपणे प्रयत्न करत होते. परभणीहून आलेले पंच घड्याळ बघत होते, कारण शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. त्यांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. दोघांनाही जिंकायचं नसेल तर काय करावं, हे त्यात छापलेलं नव्हतं.

नागनाथला ते बघवेना. तीन वर्षं त्याने पराभव बघितले होते, पण त्यात पोरं पडायची, गुडघे फोडून घ्यायची, एकमेकांवर खेकसायची. हे काही तसलं नव्हतं. तो सुतळी ओलांडून थेट रेषेपाशी गेला. चेंडू लिंबाजीच्या हातात होता.

"आरं लिंब्या, हरायचं तर हरा रे! तीन वर्सं हरलावच की, म्या काय म्हनलो का कधी? पन खेळून हरा! येकदा तरी पलीकडं टाक बाबा. तुज्या पाया पडतो."

"नागनाथतात्या, गाव मारंल."

मागून रंगनाथ ओरडला, "टाक बे! तुला मारलं तर मला बी मारत्याल. टाक!"

लिंबाजीनं चेंडू टाकला. तो जाळीवरून गेला आणि पांगरवाडीच्या मधोमध पडला. त्यांच्या सहाही पोरांनी हात मागे बांधले होते. एक-शून्य. "आरं, धरा त्याला!" असं पंधराशे प्रेक्षक ओरडले, पण खेळाडूला धरायचं कसं, हे न बघितलेल्या सामन्यांत शिकता येत नाही. पंधरा-शून्य. पुढचा डाव पंधरा-शून्य. पंचांनी शिट्टी मारली आणि एसटीच्या दिशेनं पळत सुटले.

नागनाथ एकटाच टाळ्या वाजवत होता. रंगनाथ आणि लिंबाजी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायले की हसायले, ते त्याला समजेना. तोही रडत होता. पलीकडे पांगरवाडीकर पेढे वाटत होते.

अंतिम पैसेवारी एक्कावन्न आली. गाव आठवडाभर नागनाथच्या दुकानात पंक्चर काढायला येईना. पण शासन कोणाला वाऱ्यावर सोडत नाही. माणिकराव पुन्हा खुंट्या घेऊन आले, मैदानाचा पंचनामा झाला आणि निर्णय लागला, की सदर विजय हा हंगामाच्या अखेरीस, कोणतीही पूर्वसूचना नसताना आल्यामुळे अवकाळी समजण्यात यावा, आणि त्यामुळे हातातोंडाशी आलेल्या पराभवाचं जे नुकसान झालं, त्यापोटी सर्व प्रेक्षकांना पूर्वीच्याच सवलती मंजूर करण्यात याव्यात. गाव शांत झालं. व्यंकटरावांचा सत्कार झाला. जाळी, चेंडू आणि शिकवणारा मात्र पांगरवाडीला गेले, कारण कौडगव्हाणचा संघ आता विजयी होता आणि विजयी संघाला मदतीची गरज नसते.

नाव मात्र राहिलं. स्पर्धेच्या कागदावर 'कौडगव्हाण' असं अजून छापून येतं. लिंबाजी आणि रंगनाथ तोच जुना चेंडू नागनाथकडून फुगवून घेतात, मैदानावर एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करतात, आणि बहुतेक वेळा हरतात. पुनर्बांधणी चालू आहे. बघायला नागनाथ असतो, बाकी कोणी नाही.

ही हकिगत मी परभणीपासून जिंतूरपर्यंत पुष्कळांना सांगितली. शिकलेले होते, नोकरदार होते, दोघे-तिघे तर स्वतःला खेळाचे शौकीन म्हणवणारे. सगळे पोट धरधरून हसतात. हसून झालं की डोळे पुसत जवळ सरकतात आणि आवाज बारीक करून विचारतात, "का हो, तो प्रेक्षकाचा दाखला अजून मिळतो का?" मी सांगतो, मिळतो, दोन साक्षीदार न्यावे लागतात. कौडगव्हाणचा पुढचा सामना कधी आहे, हे मात्र मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत.