पोटगीची झोप

मला हे सांगायची परवानगी नाही, पण नूपुर खरमाटेच्या वडिलांना कोर्टाने पोटगी झोपेच्या रूपात द्यायला लावली होती.

घटस्फोट झाला की बाईची आणि तिच्याकडे राहणाऱ्या मुलांची स्वतःची झोप त्याच दिवशी संपते, आणि ती पुरवायची जबाबदारी नवऱ्यावर येते, हे सगळ्यांना माहीतच आहे. खरमाट्यांच्या निकालातही वेगळं काही नव्हतं. रोज दिवेलागणीला कोर्टाचा बेलीफ कडीचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभा राहायचा आणि ज्याच्या नावाने झोप असेल त्याचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात पुकारायचा. डबा उघडला की कोमट वाफ यायची. आत झोप असायची, साबुदाण्याच्या खिरीइतकी दाट. आई आधी नूपुरच्या वाटीत वाढायची आणि उरलेली स्वतः घ्यायची.

"यांच्या हातचं कधी काही चवीचं नव्हतंच," असं ती म्हणायची, पण वाटी बोटाने निपटून घ्यायची.

झोप वडिलांची असल्यामुळे स्वप्नंही त्यांचीच यायची. विलास खरमाटे दुधाचा टँकर चालवायचे. त्यामुळे डोळे मिटले की नूपुर टँकरच्या केबिनमध्ये बाबांच्या शेजारी बसलेली असायची. बाबा फार बोलायचे नाहीत. "काच वर घे गं, वारा लागेल," म्हणायचे. घाट उतरला की एका टपरीपाशी थांबायचे आणि कागदातली कांदाभजी आधी तिच्यापुढे सरकवायचे. जागेपणी भेटायची मात्र दोघांना मुभा नव्हती. झोपेत भेट होत असताना आणखी वेगळी भेट म्हणजे दुहेरी लाभ झाला असता. नूपुरची त्याबद्दल तक्रार नव्हती. वर्गात ती कुणाशी फारशी बोलायची नाही. जे बोलायचं ते केबिनमध्ये बोलून झालेलं असायचं.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांच्या घरात फार मुरलेलं होतं. नवऱ्याचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालणारी आई सकाळी डबा घासायची, पुसायची आणि त्यात चिमूटभर साखर टाकून मगच बेलिफाच्या हातात द्यायची.

"त्यांच्यासाठी नाही हो," ती बेलिफाला बजावायची. "डब्यासाठी."

"मी कुठं काय म्हणालो, ताई," बेलीफ म्हणायचा.

दिवाळीनंतर आईला सरकारी झोप मंजूर झाली. घटस्फोटित महिलांसाठीच्या योजनेत ती बंद पिशवीतून येते, राखाडी रंगाची, वास नसलेली. आई पिठाची गिरणी चालवायची आणि तिला डब्यातलं अर्धं पुरत नव्हतं, म्हणून तिने ती घेतली. दुसऱ्या दिवशी दळण टाकता टाकता नूपुरने विचारलं, "कशी असते गं?"

"असते बरी. लांबलचक बोळ आहे. बाकावर बसायचं. नाव पुकारलं की आत जायचं."

"आत काय असतं?"

आईने जात्याची कळ जरा जास्तच घट्ट पिळली. "नाही आठवत," ती म्हणाली. "तू तुझ्या बापाचीच घे. वाटीभर जास्त घे."

तशी नूपुरला आता सगळा डबा मिळू लागला. केबिनमध्ये ती जास्त वेळ बसू लागली आणि म्हणूनच तिला ते दिसलं. रस्त्यावरचा पांढरा पट्टा उजवीकडे राहायला हवा, तो टँकरच्या पोटाखाली सरकत होता. बाबा समोर बघत होते, पण त्यांचे डोळे काचेसारखे झाले होते. "बाबा," ती म्हणाली. बाबांनी स्टिअरिंग वळवलं आणि हसले. पुढच्या वळणावर पट्टा पुन्हा सरकला. आपण वाटीत घेतो ती झोप त्यांच्यातून काढलेली असते, ही गोष्ट तिला माहीत होती; पण माहीत असणं वेगळं आणि शेजारच्या सीटवर बसून बघणं वेगळं.

त्या दिवसापासून ती आईला म्हणू लागली, "डबा मी घासते." ती घासायची नाही. वाटीत थोडं कमी घ्यायची, तळाला झोपेचा एक थर ठेवायची, वर साखर भुरभुरवायची आणि कडी लावून टाकायची. दिवसा तिला शाळेत डोळे उघडे ठेवणं कठीण जायचं. बाई विचारायच्या, "खरमाटे, जागी आहेस ना?" तेव्हा ती मान हलवायची.

तो थर पुरला नाही. एका सकाळी विलास खरमाट्यांचा टँकर वळणावर सरळ गेला आणि खड्ड्यात उतरला. दूध उसाच्या सरीतून वाहत गेलं. त्यांचा खांदा मोडला, एवढ्यावर निभावलं. सरकारने त्यांना झोपेच्या बाबतीत अपंग ठरवायचा प्रस्ताव केला, आणि तालुका निद्रा कार्यालयात सुनावणी लागली.

भर दुपारची वेळ होती. निद्रा अधिकारी बोंगाळे मॅडम पंख्याखाली बसल्या होत्या. विलास खरमाट्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, कारण मुलीशी नजरानजर झाली असती तर ती भेट धरावी लागली असती. नूपुरला त्यांची मान दिसत होती आणि गळ्यात बांधलेल्या हाताची झोळी. स्वप्नात ते नेहमी एका बाजूने दिसायचे. मानेवरचे केस एवढे पांढरे झाल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"आधी नियम समजून घ्या," मॅडम म्हणाल्या. "उज्ज्वलाताई, तुम्हाला योजनेतून झोप मिळते ती गरजू म्हणून. तिच्यामुळे यांची जबाबदारी एका चमच्यानेही कमी होत नाही. तुम्ही तुमचा हिस्सा मुलीला देता, तो घरचा प्रश्न."

"मग आज कशाला बोलावलं?" आई म्हणाली. "गिरणी बंद ठेवून आलेय मी. लोकांची दळणं पडलीत."

"मुलीचं वेगळं आहे. वडील अपंग ठरले, तर सरकार मुलीला झोप देईल, ती वडिलांच्याच नावावर. म्हणजे त्यांनीच दिली असं धरायचं. मग त्यांच्या हिश्शातून तेवढी वजा. वजा केल्यावर काही उरत नाही. डबा बंद."

भिंतीकडून आवाज आला, "आणि भेट?"

"वळू नका खरमाटे. सरकारची झोप घेतली की मुलीची भेट सरकारशी."

मॅडमनी टेबलाच्या कप्प्यातून कडीचा डबा काढला. त्याला एका बाजूने पोचा आला होता.

"हा अपघातानंतर केबिनमध्ये सापडला. तळाला काहीतरी चिकटलंय. ही झोप असेल, तर यांना घरून परतावा मिळत होता. झोपेचा परतावा घेणारा माणूस अपंग ठरत नाही. मग जुना हुकूम कायम. डबा चालूच, आणि खांदा बरा झाला की हे टँकरवर."

"साखर आहे ती, मॅडम," बाबा भिंतीला म्हणाले. "घरून साखर येते."

"रिकामा डबा कसा पाठवायचा?" आई म्हणाली. "इतकी काही मी हलकी नाही. पण हल्ली पोरगीच टाकते."

मॅडमनी नूपुरकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. भिंतीकडची मान किंचित ताठ झाली.

नूपुरला वाटलं, आपण खरं सांगितलं तर आजही डबा येईल. वाफ येईल. बाबा म्हणतील, काच वर घे. आणि मग तो पट्टा सरकायला लागेल, आणि एखाद्या दिवशी झोपेच्या मध्येच केबिन थांबेल आणि पुढे काहीच असणार नाही. अनोळखी माणसांसमोर तिला नुसतं नाव सांगायचं तरी घाम फुटायचा.

"साखर आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो."

"कार्यालयाला खात्री करावी लागते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डब्याच्या तळाला बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.

त्यांचे डोळे मिटले. मान हळूच एका खांद्यावर आली. पंखा फिरत राहिला. कारकुनाने मान वर केली नाही. आईने पदराचं टोक मुठीत धरलं आणि नूपुरकडे अशी पाहू लागली, की नूपुरने खाली फरशीकडे बघितलं. मॅडमच्या ओठांवर मधेच हसू आलं, आणि एकदा त्यांचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबावा तसा जोरात दाबला गेला.

मग त्या जाग्या झाल्या. त्यांनी दचकून विलास खरमाट्यांच्या मोडक्या खांद्याकडे पाहिलं, नंतर नूपुरकडे.

"भज्यांचा वास येतोय का रे कुठून?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम," कारकून म्हणाला.

मॅडमनी चष्मा पुसला. "साखर," त्या म्हणाल्या. "गोड आहे. लिहून घे. वडील अपंग, डबा बंद, मुलीला आजपासून सरकारी."

उठताना बाबांनी मान वळवली नाही. "नीट झोप घे, पोरी," एवढंच ते भिंतीला म्हणाले आणि वेगळ्या दाराने गेले. बाहेर आल्यावर आईने नूपुरला एक धपाटा घातला आणि मग तिचा हात घर येईपर्यंत सोडला नाही.

राखाडी पिशवी त्याच दिवशी आली. बोळ आईने सांगितला तसाच होता. बाकावर माणसं खेटून बसली होती आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. भिंतीला खिडकी नव्हती. टोकाला एक दार होतं. ज्यांना पुकारलं ती माणसं आत जात होती आणि बाकावरची जागा लगेच भरत होती. नूपुर हात मांडीखाली घेऊन आपल्या नावाची वाट बघत राहिली.

"विलास बाबूराव खरमाटे!" आतून पुकारा झाला.

ती ताडकन उभी राहिली आणि बोळात सगळीकडे बघू लागली. बाबा इथे आले असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने एकेक चेहरा पाहिला, वाकून वाकून पाहिला. कुणीच उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. तेव्हा दाराशी उभा असलेला शिपाई तिच्याजवळ आला आणि समजुतीने म्हणाला, "तुम्हालाच बोलावतायत. झोप त्यांच्या नावावर आहे ना? चला, खोळंबा करू नका."

नूपुर आत गेली.

सकाळी आईने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर पाटावर बसली. आज तिने गिरणी उघडली नव्हती.

"तुला आठवतंय?" आईने हळू विचारलं. "आत काय होतं ते?"

"हो," नूपुर म्हणाली. कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. "सगळं आठवतंय. आत ना आई, एक लांब टेबल आहे, आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे आधी मला वाटलं नुसत्याच खुर्च्या आहेत, पण त्यांच्यावर..."

"विलास बाबूराव खरमाटे!" पिशवी मिळाल्याची पोच घ्यायला आलेल्या बेलिफाने दारातून पुकारलं.

"आले," नूपुर म्हणाली, आणि कप खाली ठेवून उठली.