मध्यंतरापर्यंतचे आप्पा

आमच्या युसूफ वडगावात सिनेमावरचा शेवटचा शब्द पेंडीच्या दुकानातून निघायचा. दुकान बसलिंगआप्पांचं. आप्पा दर गुरुवारी एस.टी.नं केजला जात, टॉकीजच्या तीनच्या खेळाचं तिकीट काढत, मध्यंतराचे दिवे लागले की धोतर झटकून उठत आणि सरळ बसस्टँड गाठत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एकही सिनेमा मध्यंतराच्या पुढे पाहिलेला नव्हता. आणि शुक्रवारी सकाळी त्या अख्ख्या सिनेमाचं परीक्षण, शेवटासकट, दुकानाच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं.

फळा मुळात भाव लिहायचा. वरच्या अर्ध्यात सरकी, शेंगदाण्याची पेंड, करडीची पेंड, भुसा; खालच्या अर्ध्यात सिनेमा. पेपरवाले सिनेमाला तारे देतात, आप्पा पेंड देत. उत्तम सिनेमा म्हणजे ‘शेंगदाणा’. बरा असला तर ‘सरकी’. पोट भरेल पण दूध वाढणार नाही असला तर ‘करडी’. आणि ज्यात नुसत्या गाड्या उडतात तो ‘भुसा’. बाजाराच्या दिवशी वस्त्यावस्त्यांवरचे मेंढरंवाले, म्हशीवाले, शेतकरी त्या फळ्यापुढे उभे राहत. ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना वाचून दाखवी, आणि भाव सोडून खालचं आधी वाची.

आप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि सगळ्या अंगावर खडूची भुकटी. भस्म कुठं संपलं आणि खडू कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. पेपर आला की आप्पा पुढारी, पाऊस, खून सगळं ओलांडून सिनेमाच्या पानावर जात आणि तिथल्या बातम्या घरच्या सोयरिकीसारख्या मनावर घेत. एका नटानं आता स्वतःच सिनेमा दिग्दर्शित करणार असं जाहीर केलं, तर आप्पा दिवसभर अस्वस्थ. म्हणाले, “जनमभर पेंड खाल्ली म्हणून म्हशीला घाणा चालवता येतो व्हय?” त्या काळात गाणी परदेशी बर्फात जाऊन घ्यायची साथ आली होती. आप्पांनी फळ्यावर लिहिलं : ‘नायक कोटात, नायिका पातळ साडीत. सर्दी कुणालाच न्हाई. करडी.’ जनावरांच्या बाबतीत तर ते कुणाचंच ऐकत नसत. नायकाच्या आईनं सिनेमात धार काढली की आप्पांचं लक्ष म्हशीच्या कासेवर. एकदा भर टॉकीजमध्ये ते मोठ्यानं म्हणाले होते, “ही म्हैस भाकड हाय.” मागचे लोक हसले. आप्पा मात्र पुढचा अर्धा तास त्या दिग्दर्शकावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

आप्पांचे शेजारी ज्ञानोबा. त्यांची शंभरेक मेंढरं होती आणि आप्पांना टोचायचा हक्क गावात फक्त त्यांनाच होता. त्यांनी एकदा विचारलं, की अर्धा सिनेमा बघून पुऱ्याचं कसं लिहिता? सिनेमा सुटल्यावर साडेसहाची गाडी हाय की.

आप्पांनी शांतपणे पोत्यात खुपसायची ती टोकदार लोखंडी नळी उचलली, पेंडीच्या पोत्यात घातली, चार खडे तळहातावर काढले आणि ज्ञानोबांच्या नाकाखाली धरले.

“वास घे. कशी हाय?”

“चांगली हाय.”

“मंग आख्खं पोतं कामून खात न्हाईस?”

आप्पांचा पुढचा सिद्धांत असा, की मध्यंतराआधी सिनेमा लिहिणाऱ्याचा असतो, मध्यंतरानंतर तो पैसे लावणाऱ्याचा होतो. शहाण्या माणसानं मालक बदलायच्या आत उठावं.

राहिलेला अर्धा ते स्वतः रचत, आणि इतक्या खात्रीनं लिहीत की कुणाला शंका येऊ नये. आप्पांच्या उत्तरार्धात कुणी मरत नसे. खलनायकाला पश्चात्ताप होई आणि तो बहुधा किराणा दुकान टाकी. हरवलेलं पोर जत्रेतच सापडे. आणि कुणी आजारी असलं तर हमखास बरं होई, इतकं बरं, की शेवटी उठून मिरच्या कांडी. एखाद्यानं केजला पूर्ण सिनेमा पाहून येऊन सांगितलं की आप्पा, शेवट असा नाही, तर आप्पा त्याच्याकडे करुणेनं बघत. “तुझ्या खेळाला रीळ कापलं असंल. केजला लई कापतेत.”

आता ह्यात मी कुठं येतो ते सांगायला हवं. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि हे तर इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेलं नाही.

देशाचा बाजार खुला झाला म्हणे त्या सुमारास. आमच्या गावात त्यातून दोन वस्तू आल्या : प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी, ज्याला लोक हसले, आणि माझी केबल. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. घराच्या पत्र्यावर डिश बसवली, खाली दोन व्हिडिओ ठेवले, लिंबाच्या झाडांवरून वायरी ओढल्या. गावात आता आपणच पुढारलेले, असं मला वाटत होतं. पहिल्याच बाजाराला आप्पांच्या फळ्यावर आलं : ‘केबल. दिवसभर चालू असतं ते दळण, सिनेमा न्हाई. भुशाच्या खाली. जनावरालाही देऊ नये.’

अख्खा बाजार हसला. वायर घेतो म्हणालेल्या चौघांनी नंतर बघू म्हटलं. मला त्यांचं फार लागलं नाही. लागलं ते हसणं. घरी जेवताना आई म्हणाली, आप्पा बोलतेत ते गमतीनं. मी ताटावरून उठलो.

आठवडाभर मी बदला शिजवत होतो. आप्पांनी त्याच महिन्यात एका सिनेमाला ‘शेंगदाणा’ दिला होता. त्यातली नायकाची आई मध्यंतराला अंथरुणाला खिळते. फळ्यावरच्या शेवटात ती बरी झाली होती. मी अंबाजोगाईहून त्याच सिनेमाची कॅसेट आणली, पाहिली आणि मला गंमत वाटली. मध्यंतरानंतर दहा मिनिटांत आई मरते. उरलेला सिनेमा नायक सूड घेत फिरतो. मी ठरवलं, रविवारी दुपारी कॅसेट लावायची ती मध्यंतरापासूनच. आणि आधी पडद्यावर पाटी : ‘आप्पांनी न पाहिलेला अर्धा सिनेमा’.

पण आप्पांच्या घरीच दिसलं नाही तर काय उपयोग? म्हणून शनिवारी आप्पा दुकानात असताना मी वायरचं भेंडोळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. आठ दिवस फुकट, असं सांगायचं ठरवून.

आप्पांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या आजारी असतात एवढं गावाला माहीत होतं. पण आजारी माणसाकडे कोण रोज बघतं? काकू दाराकडे तोंड करून खाटेवर होत्या. दोन्ही पाय गेलेले, सहा वर्षं झाली म्हणाल्या. समोर ट्रंकेवर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ज्ञानोबांच्या पारूबाई कोपऱ्यात ज्वारी निवडत होत्या.

“कशाची वायर रे बाबा?”

मी म्हटलं, घरबसल्या सिनेमे दिसतील काकू, दिवसभर.

“मला कशाला? मला हे सांगतेत की. दर गुरुवारी येतेत, हातपाय धुतेत अन् खाटंवर बसून पयल्यापासून शेवटपर्यंत सांगतेत. गाणी बी म्हणतेत, पण ती ऐकू नये.” काकू हसल्या. मग त्यांनी मलाच तो ‘शेंगदाणा’ मिळालेला सिनेमा सांगायला घेतला. “ती आई हाय न्हवं, ती उठती म्हणं. भिंतीला धरून धरून दारापर्यंत येती. पोरगा बाहेरून येतो तर दारात कोण? आई.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला तेव्हाच कळलं होतं. मी वायर टीव्हीला जोडली, चित्र स्वच्छ येतंय ना ते बघितलं आणि उद्या दोन वाजता लावा म्हणून सांगून आलो.

रविवार माझ्या मनासारखा झाला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर गर्दी. आई मेली तेव्हा लोक हसले. सिनेमातली आई मेल्यावर हसलेला तेवढा एकच गाव असेल.

सोमवारी मी मुद्दाम दुकानावरून गेलो. पोरं आप्पांना विचारत होती, आप्पा, ती आई मिरच्या कुठं कांडती? आप्पांनी कुणालाच रीळ कापलंय म्हटलं नाही. मला बघून ते ओट्यावरून खाली उतरले.

“आमच्या घरी वायर तू दिली?”

“हो.”

“काकूनं बघितला?”

“बघितला असेल.”

“संपोस्तर?”

आप्पांनी ओल्या फडक्यानं फळ्याचा खालचा अर्धा पुसला आणि दुकान भर दुपारी बंद केलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन आठवडे फळ्यावर नुसते भाव होते. गुरुवारी आप्पा दुकानातच. बाजाराला आलेले लोक खाली काही नाही बघून माझ्याकडं बघत. माझ्या वायरी मात्र वाढल्या. ते आठवलं की आजही अन्न गोड लागत नाही. एक दिवस पारूबाई वाटेत भेटल्या. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आमची मेंढरं सहाला घरी येतेत. तवर मी काकूपाशी बसते. मंग मला उठावं लागतं. म्हणून त्यो माणूस मधूनच उठून येतो, कळलं का? साडेसहाची गाडी त्याला ठाव हाय. अन् काकूनं बोलिवलंय तुला.”

संध्याकाळी गेलो. आप्पा उंबऱ्यात बसून काहीतरी निवडत होते, त्यांनी मान वर केली नाही. काकूंनी मला खाटेजवळ बसवलं.

“बाबा, खरं सांग. त्या दिवशी तू चुकीची कॅसेट लावली व्हती न्हवं?”

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा हात थांबला होता.

“मी ह्यांना म्हणते,” काकू म्हणाल्या, “त्या पोराच्या हातून घोटाळा झाला. निम्मा सिनेमा एक अन् निम्मा दुसराच जोडलेला. ह्यांनी सांगितली ती आई निराळीच व्हती. पर हे ऐकत न्हाईत. धड जेवत न्हाईत. तीन गुरुवार झाले, मला सिनेमा न्हाई.”

आई तीच होती. लुगडंसुद्धा तेच होतं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे एवढं मला समजलं.

“होय काकू,” मी म्हणालो. “दुसऱ्याच सिनेमाची फीत होती. माझी चूक झाली.”

“ऐकलं का?” काकू उंबऱ्याकडे बघून म्हणाल्या. “आता गुरुवारी जावा.”

त्या गुरुवारी आप्पा केजला गेले. शुक्रवारी फळ्यावर एका हाणामारीच्या सिनेमाला ‘सरकी’ मिळाली; त्यातल्या खलनायकानं शेवटी पिठाची गिरणी टाकली होती. अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं : ‘केबल : करडी. सुधारणेला वाव हाय.’

पुढे चार वर्षांनी काकू गेल्या. फळ्याचा खालचा अर्धा पुन्हा रिकामा झाला आणि ह्या वेळी कुणी विचारलंही नाही. तोवर घरोघर वायर होती, ती माझीच. वर्षभरानं एका गुरुवारी मी मोटरसायकल आप्पांच्या दारात उभी केली आणि म्हटलं, चला केजला. ते का कोण जाणे, निघाले.

सिनेमा साधाच होता. एक बाई नवऱ्याशी भांडून एस.टी.त बसून निघून जाते आणि मध्यंतर होतं. दिवे लागले. आप्पा धोतर झटकून उठले.

मी म्हटलं, “आप्पा, बसा. आज गाडी आपली आहे. घाई कशाची?”

ते बसले. तेवढ्यापुरते. दिवे गेले, पडदा उजळला, पण त्यांची मान सारखी दाराकडे. पाच मिनिटांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “चल. पुढचं मला ठाव हाय.”

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरलं होतं. मला वाटलं, आत्ता सांगावं. मागं वळून न बघता बोलता येईल. मी म्हणालो, “आप्पा, ती कॅसेट...”

“बरोबर व्हती,” आप्पा म्हणाले. “मला ठाव हाय. तिलाबी ठाव व्हतं. तू समोर बघून गाडी हाण.”

मग त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, पुढे वाकले आणि वाऱ्यातून ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगायला लागले.

“ती बाई गेली न्हवं एस.टी.त बसून? ती जात न्हाई. पुढच्याच फाट्यावर उतरती. उतरती अन् चालत माघारी निघती...”

आमच्या गावाचा फाटा आला. मी गाडी वळवली नाही, सरळ पुढे घेतली. आप्पांच्याही ध्यानात आलं असावं; पण त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांची गोष्ट अजून अर्धी राहिली होती.