परब सरांचा मधला खण

आमच्या नाहूरच्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी लोक हातातल्या अंगठ्या लपवतात. चोरांच्या भीतीनं नव्हे, परब सरांच्या. बोटात पोवळं दिसलं की सर विचारतात, "शाकाहारी का?" समोरचा अभिमानानं हो म्हणाला की, "मग हा प्राण्याचा सांगाडा कसा घातलात?" चौथ्या मजल्यावरच्या शहाबेननी मंगळाच्या भीतीनं घातलेलं पोवळं सरांच्या भीतीनं काढलं. आता त्या दोघांनाही घाबरून असतात.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण तास अजून सुटलेला नाही. विषय एकच, वनस्पतिप्राणी. जुन्या पंडितांनी सजीवांचे दोन खण केले, झाडांचा आणि प्राण्यांचा. स्पंज, पोवळं, समुद्रफूल यांचं काय करायचं ते कळेना. जागचे हलत नाहीत म्हणून झाड म्हणावं, तर समुद्रफूल बोट लावल्यावर अंग चोरतं. मग मधे तिसरा खण काढून सगळी अडचण त्यात कोंबली, आपण माळ्यावर कोंबतो तशी. पोवळ्याची फुलं म्हणजे जिवंत प्राणी, असं म्हणणाऱ्याला आधी हसले. पुढे कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली स्पंज ठेवून बघत बसला, तेव्हा तो पाणी आत घेतो, बाहेर सोडतो हे दिसलं. "बघत बसला," यावर सरांचा जोर. "तुमच्यासारखा चालता चालता निकाल नाही दिला."

हे ऐकता ऐकता माझं कितीदा दूध उतू गेलंय.

गेल्या वर्षी सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्या पडूनच आहेत. बोलत नाहीत, बघतात ते कुठे हेही समजत नाही. सर चमच्यानं पाणी पाजतात आणि घोट उतरेपर्यंत श्वास रोखून बसतात. उतरला की शेजारच्या माझ्या दारात येऊन सांगतात. त्यामुळे हल्ली बेल वाजली की मी गॅस बंद करूनच दार उघडते. दर वेळी वाटतं, आता काय ऐकायला मिळणार.

मागच्या रविवारी त्यांचा मुलगा निखिल पुण्याहून आला. सरांना आता झेपत नाही, काकूंना बदलापूरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार, असं त्यानं ठरवलं होतं. मुलगा वाईट नाही. आदल्याच आठवड्यात काकूंना उचलताना सर पडले होते. सरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. काकूंचा हात हातात घेऊन म्हणाले, मी बोट दाबलं की तीही दाबते, बघा.

आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो. सरांनी दाबलं. थांबले. माणसं जमली की बुजते ती, म्हणाले. पुन्हा दाबलं. काहीच नाही. काकू, एकदाच दाबा हो, असं मी मनात विनवत होते.

"बाबा, आईला आता काही कळत नाही," निखिल हळूच म्हणाला.

मला वाटलं, सर आता वाद घालणार. ते एकदम मालवणीत बोलले. ती त्यांची नवराबायकोची भाषा, आमच्यासमोर कधी न काढलेली.

"तिका कळना नसात रे. पण माका मगे बोलूक कोण आसा?"

निखिल उठून गॅलरीत गेला. फोनवर कुणाला तरी म्हणाला, उद्या गाडी नको, दिवसभर थांबणारी बाई मिळते का बघा. मी डोळे पुसले. सर काकूंच्या कानाशी वाकून सांगत होते, आपला झील निखिल किती वाळलाय, पुण्यात धड जेवत नसणार.